कात्रणावरची तारीख

प्लासिड मास्तर अर्नाळ्याच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवायचे. माणूस मूळचा वसईच्या केळीच्या बागांतला, समुद्रातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण पोरांना वाचायला बसवणं हे समुद्रात होडी घालण्याहून सोपं नाही, हे त्यांना पहिल्याच वर्षी पुरतं कळलं. वाचनमालेचं पुस्तक उघडलं की तिसऱ्या ओळीला अर्धा वर्ग जांभया द्यायचा. मास्तरांना रडू यायचं बाकी होतं.

मग त्यांनी सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याकडून रद्दी आणायला सुरुवात केली. बोंबलाचा वास मारणारी वर्तमानपत्रं! मास्तर घरी कात्री घेऊन बसायचे. सिनेमाच्या जाहिराती, नट्यांचे फोटो, कुस्तीचे निकाल कापायचे. नाव आणि तारखेची वरची पट्टी चुलीत घालायचे, कारण शिळी बातमी म्हटल्यावर पोरं नाकं मुरडतील. जो कात्रण न अडखळता वाचेल, त्यानं ते घरी न्यायचं. अहो, पोरं हमरीतुमरीवर आली! पाचवीत दोन अक्षरं जुळवताना घाम फुटणारी लूर्डस आता घडाघडा वाचू लागली. मास्तरांची मान ताठ झाली.

एकावन्न सालच्या ऑक्टोबरात दोन दिवस वारं सुटलं होतं. होड्या वर ओढलेल्या होत्या आणि म्हातारे कुणाला निघू देत नव्हते. लूर्डसकडे एका नटीचा फोटो होता. त्याच्या मागच्या बाजूला छापलं होतं की वादळ काठेवाडकडे सरकलं, आपल्या किनाऱ्याचा धोका टळला. लूर्डसचा बाप सायमन निरक्षर. त्यानं ते तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि छाती फुगवून म्हाताऱ्यांना सांगितलं की माझ्या पोरीनं वाचलंय, छापील आहे.

होडी काढायला किनाऱ्याकडे जाताना तो शाळेपाशी थांबला. "मास्तर, तुमच्या पेपरानं आमचं काम केलं," म्हणाला. मास्तर हसले. कुठला पेपर, कसलं काम, एका शब्दानं विचारलं नाही. त्या वेळी ते खुशीत होते. आता त्यांना दोष तरी कसा द्यावा? पण द्यावाच लागतो.

दुपारी वारं उलटलं. चौथ्या दिवशी सायमनच्या होडीची एक फळी राजोडीच्या किनाऱ्याला लागली. सायमन काही लागला नाही.

मास्तरांना कुणी बोललं नाही. समुद्रानं नेला, एवढंच सगळे म्हणाले. सायमनची बायको मॅग्डलीन तर चर्चमधल्या मिस्सेनंतर म्हणाली की पोरीला शिकवलंत, त्याला फार कौतुक होतं. नटीच्या फोटोतला तो सिनेमा गेल्या दिवाळीतला होता, म्हणजे मागची वादळाची बातमीही तेव्हाचीच, हे ठाऊक असलेले अर्नाळ्यात एकटे प्लासिड मास्तरच.

पंधरा दिवसांनी लूर्डस वर्गात आली. तिनं घडी घातलेलं कात्रण टेबलावर ठेवलं.

"मास्तर, पेपरावर तारीख कुठं असते?"

खोटं बोलता आलं असतं. पोरीनं विश्वासही ठेवला असता. मास्तरांनी कात्रीनं सरळ कापलेल्या कडेवर बोट ठेवलं.

"इथं असते. मी कापली."

लूर्डसनं मान हलवली, कात्रण उचललं आणि जागेवर जाऊन बसली. सातवी पास होईपर्यंत तिनं वर्गात मोठ्यानं एक ओळही वाचली नाही, आणि मास्तरांनी तिला कधी वाच म्हटलं नाही.