नातीचं येस
कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की परदेशात शिकणाऱ्या माझ्या नातीची डिसेंबरमधली एक सुट्टी आठवते. आमच्या गावी, नरडाण्याला, अंगणात भरताची तयारी चालली होती आणि मोबाईलवर ती घरी यायला तिकडून निघताना दिसत होती. तिकडचा मोठा सण तोंडावर आलेला, आणि घरमालकीण, एकटी म्हातारी, तिचा हात सोडेना. नात तिला म्हणाली, "येस." मी भडकलो. "तिले हो काबरं म्हनस? तठेच राहस का आते?" ती हसली. "आबा, ते इंग्रजी नही, आपलं येस. निघताना जास म्हनानं नही, तुम्हीच शिकाडं ना?" आमच्या बोलीत येस म्हणजे येते, जास म्हणजे जाते. "ते तर घरना मानसले म्हनतस," मी म्हटलं. "मंग ती घरनीच शे, आबा." म्हातारीही मान हलवत "येस, येस" करू लागली. मी दुसरी शिकलेला माणूस, पण कुणापुढे मान तुकवत नाही. त्या पोरीपुढे मनातल्या मनात तुकवली. आता सुट्टी संपून ती इथून निघायची झाली की मीच दटावतो, "लवकर निघ, म्हातारी वाट देखी राह्यनी."