समोरच्या काकांची रेघ

परीक्षेला बसायच्या आधीच निकाल कळण्याचा छळ साऱ्या जगात फक्त इतवारीतल्या आमच्या बोळातल्या पोरांनी सोसला असेल. तो आमच्या समोरच्या काकांमुळे. काका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत आणि घरी आल्यावर आम्हाला मोजत. बोळातल्या प्रत्येकाचे गणितातले सहामाहीचे गुण ते विचारून घेत, मॅट्रिकचा निकाल लागला की तेही घेत, आणि दोन्ही मिळून ग्राफपेपरवर त्याच्या नावचा एक ठिपका देत. वर्षानुवर्षांच्या त्या ठिपक्यांमधून त्यांनी बरीच आकडेमोड करून एक सरळ रेघ काढली होती. नव्या पोराने सहामाहीचे गुण सांगितले, की काका रेघेवर बोट ठेवून त्याचे मॅट्रिकचे गुण सांगत. काकू म्हणायच्या, "भाजीत मीठ नाही हे यांले जेवण झाल्यावर कळते, अन् लोकांच्या पोरांचं मात्र आधी!"

रेघेचा स्वभाव मोठा विचित्र. हुशारांना ती जरा खाली ओढी आणि ढ पोरांना जरा वर उचली. शेजारच्या वहिनींच्या मुलाला सहामाहीत शहाण्णव पडले, तर काका म्हणाले, "मॅट्रिकले अठ्ठ्याऐंशीच्या आसपास."

"काहून? माझं पोरगं झोपा काढून राहिलं का?"

"तसं नाही वहिनी. लय वर गेलेला थोडा खाली येते, लय खाली असलेला थोडा वर येते. मी नाही म्हणत, ठिपके म्हणतात."

पोराला सत्त्याऐंशी पडले. काकांनीच नजर लावली म्हणून वहिनींनी त्यांच्याकडे कोथिंबिरीची सांबारवडी पाठवणं कायमचं बंद केलं.

शिकवत मात्र काका बोळातल्या कोणालाच नसत, कितीही गयावया करा. "मी शिकवलं तर तो ठिपका माझा होईल, पोराचा नाही. मोजणाऱ्यानं तराजूले हात लावू नये." हे सोवळं त्यांनी कडक पाळलं होतं.

मग माझी पाळी आली. गणितात अठरा! बाबा म्हणाले, नापासच व्हायचं तर मॅट्रिकचा फॉर्म भरायचा कशाला. लकडगंजातलं स्थळ आलंय, उरकून टाकू. मला तर शिकायचं होतं हो! पण बाबा काकांचा कौल घ्यायला गेले आणि मी दाराआड जीव मुठीत धरून उभी राहिले. काकांनी रेघेवर बोट ठेवलं. पाच-दहा गुण वाढवून सांगायला काय जात होतं? पण त्या माणसाला खोटं जमतच नसे. "एकतीस," ते म्हणाले. पास व्हायला पस्तीस लागत. बाबा उठले.

"थांबा भाऊ." काकांनी रेघेवरचं बोट उचललं. "ही रेघ मी न शिकवलेल्या पोरांची आहे. उद्यापासून हिले मी शिकवतो. मग ही रेघ हिले लागू नाही. तुम्ही फॉर्म भरा."

मला बावन्न पडले. बोळभर पेढे वाटले ते काकांनीच, पण माझा ठिपका त्यांनी शेवटपर्यंत दिला नाही. तो शुद्ध नाही म्हणाले.

एकीला शिकवल्यावर दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? हळूहळू सगळी पोरं संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जमू लागली. कॉलेजात असताना एकदा मी सहज विचारलं, "काका, यंदा कोणाला किती पडतील?"

"काय सांगू वं पोरी? न शिकवलेलं पोरगं बोळात उरलं कुठं?"

ते हसले. मला मात्र भरून आलं. इतक्या वर्षांची त्यांची लाडकी रेघ माझ्यापायी निकामी झाली होती, आणि त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.