मुकादमाचे रविवारचे विचार

माझ्या भाऊजींनी ताईच्या कानाखाली पहिली मारली ती लग्नानंतर चौथ्या महिन्यात, आणि शेवटची सोळाव्या वर्षी. शेवटची इतकी जोरात बसली की तिचा डावा कान कायमचा गेला. ओठातून रक्त येत असताना एका पिशवीत दोन जोड कपडे कोंबून ती माझ्या खोलीवर आली. मी दार उघडलं तर म्हणाली, "गॅस बंद केला की नाही तेच आठवत नाही गं." मार खाऊन आलेली बाई गॅसची काळजी करत होती. त्या क्षणी भाऊजी समोर असते तर मी त्यांच्या डोक्यात पाटा घातला असता, हे मी आजही बेधडक सांगते.

भाऊजी म्हणजे आमच्या कारखान्यातले मुकादम. मी तिथेच पॅकिंगला आहे. आम्ही पत्र्याच्या बिजागऱ्या आणि पट्ट्या बनवतो. प्रेसचा दट्ट्या वरून आदळतो, खाली पत्र्याचा तुकडा पडतो आणि दिवसभर पायाखालची फरशी हादरत राहते. त्या आवाजातही भाऊजींची शिवी शेवटच्या मशीनपर्यंत ऐकू जायची. एकाचे पुढचे दोन दात त्यांनी पान्याने पाडले होते. दुसऱ्याला कॉलर धरून इतका आपटला की बिचाऱ्याने दुसऱ्या दिवसापासून कामावर येणंच सोडलं. माणूस आडदांड, मनगट माझ्या पोटरीएवढं.

दोन आठवड्यांनी हा माणूस माझ्या दारात रडत उभा राहिला. ताईला परत न्यायचं होतं. ताई आतूनच म्हणाली, "रविवारी चार वाजता या. दहा मिनिटं, आणि ही समोर बसेल. परत यायचं का ते मी ठरवीन."

भाऊजी दोनलाच यायचे. घरमालकीण जिन्यात उभं राहू देईना, म्हणून समोरच्या वाचनालयात जाऊन बसले. तिथली ग्रंथपाल बाई मोठी खमकी. "बसायचं तर वाचायचं, नाहीतर बाहेर," म्हणाली. दाराजवळच्या कपाटात तत्त्वज्ञान, समाज आणि व्यापार-उद्योगावरची जाडजूड पुस्तकं होती, कुणी हात न लावलेली. भाऊजींनी त्यातलंच एक ओढलं. कादंबऱ्यांचं कपाट दाराजवळ असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

मग दर रविवारी चार वाजता एक विचार वर यायला लागला. भाऊजी खुर्चीच्या कडेवर बसायचे, खिशातून घडी घातलेला कागद काढायचे आणि शाळेतल्यासारखं वाचून दाखवायचे. "राग बाहेरून येत नाही. आपण दार उघडतो तेव्हाच तो आत येतो."

ताई उजवा कान त्यांच्याकडे करून ऐकायची. "बरं," म्हणायची. बस, एवढंच. दहा मिनिटं झाली की उठून पोळ्यांची कणीक मळायला लागायची.

पण कारखान्यात फरक दिसत होता, खोटं कशाला बोलू? एकदा एकाने खोकंभर पट्ट्या उलट्या बाजूने दाबून वाया घालवल्या. भाऊजींचा हात वर गेला आणि आम्ही सगळे मागे सरकलो. तो हात तसाच हवेत थांबला, मग त्याच हाताने त्यांनी स्वतःचंच डोकं खाजवलं. सगळे हसले, मीसुद्धा. दहा महिने त्यांनी कुणाला बोट लावलं नाही. मी ताईच्या मागे भुणभुण लावली, "माणूस बदलतोय गं, एवढं ताणू नको."

"बदलू दे की," ती म्हणायची. "मी कुठे अडवलंय?"

अकराव्या महिन्यात भाऊजींना उद्योगधंद्यावरचं एक पुस्तक सापडलं. त्यात लिहिलं होतं की कामगाराच्या हातांकडे तासभर बघा, म्हणजे फुकट जाणारी हालचाल दिसेल. भाऊजी घड्याळ घेऊन सात नंबरच्या प्रेसजवळ उभे राहिले. त्यावर शिट्टी काम करायचा. दिवसभर शिट्टीवर गाणी वाजवायचा म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणत. आता प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय दट्ट्या खाली येत नाही. म्हणजे दोन्ही हात बटणांवर अडकलेले आणि दट्ट्यापासून लांब. भाऊजींना त्यात डाव्या हाताचा वेळ वाया जाताना दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत, त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून डावं बटण दाबलेलंच बांधून टाकलं. डावा हात मोकळा झाला, तो पुढचा पत्रा सरकवायला लागला. दिवसाचे चौदाशे नग एकोणीसशेवर गेले. शिट्टीही खूश होता, घरी लवकर जायला मिळायचं.

रविवारी भाऊजींनी हे फुशारकीने सांगितलं. ताईने विचारलं, "आणि हात आत राहिला तर?"

"राहील कसा? माणूस आंधळा आहे का?"

तेराव्या दिवशी सकाळी अकराला शिट्टी थांबली. आधी मला वाटलं चहाची वेळ झाली. मग किंकाळी आली. डाव्या हाताची चार बोटं दट्ट्याखाली गेली होती. अंगठा तेवढा राहिला होता, आणि शिट्टी त्या अंगठ्याकडे बघत ओरडत होता. रक्त पत्र्यांवर उडालं, माझ्या खोक्यांवर उडालं. त्याला गाडीत घालून नेलं, आणि मागे उरलेल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बटण सेटरनेच बांधलंय!" शिट्टीचा भाऊ ओरडला. मशीन लावून देणं सेटरचं काम, त्यामुळे कुणाला पुढे विचारायची गरजच वाटली नाही. सेटर साठीला आलेला, काडी पैलवान. त्याला दोघांनी पाय धरून अंगणात फरफटत नेलं. पहिली लाथ पोटात बसली. दुसरीने चष्मा गेला. कुणीतरी लोखंडी पट्टी आणली. "मी नाही रे, मी नाही," म्हातारा म्हणत होता आणि प्रत्येक 'नाही'ला एक फटका बसत होता.

भाऊजी दारात माझ्याशेजारी उभे होते, पांढरेफटक. सत्य त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

"भाऊजी, बोला."

"गर्दीला खरं-खोटं नको असतं," ते पुटपुटले. "तिला मारायला कुणीतरी हवं असतं. वाचलंय मी."

"खड्ड्यात गेलं तुमचं वाचणं! म्हातारा मरतोय तिथे!"

ते गेले. गर्दीत घुसून सेटरच्या अंगावर आडवे झाले आणि ओरडले, "मी बांधलं. माझ्या हातांनी."

मग पंचवीस माणसं त्यांच्यावर तुटून पडली. भाऊजी एका वेळी चौघांना लोळवू शकले असते, मी पाहिलेलं होतं. त्यांनी दोन्ही हात काखेत गच्च दाबून धरले आणि मार खाल्ला. बरगड्या मोडल्याचा आवाज मला दारापर्यंत आला. जबडा सरकला, डोळा बंद झाला, पण हात काखेतून निघाले नाहीत. मी रडत होते, आणि मला त्यांचा अभिमान वाटत होता.

सेटर वाचला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको आमच्याकडे आली आणि ताईचे पाय धरायला लागली, "तुमचा माणूस देव आहे हो." मीही म्हणाले, "आता तरी चल." ताईने साडी बदलली आणि दवाखान्यात आली.

भाऊजींचा जबडा तारेने बांधला होता. दातांतूनच बोलले, "हात नाही उचलला. एकदाही. विचार हिला."

"राग आला होता?" ताईने विचारलं.

"भयंकर. एकाचं नरडं धरणार होतो. मग स्वतःलाच धरलं."

ताई स्टुलावर बसली.

"सोळा वर्षं तुम्ही मला मारून झालं की रडत सांगायचात, माझा ताबाच सुटतो, मला कळतच नाही. मी ते खरं धरलं. आजारी माणसाला सांभाळावं तसं सांभाळलं तुम्हाला. पंचवीस जण बरगड्या मोडत असताना तुम्हाला थांबता आलं. म्हणजे थांबता येत होतं."

"ते पुस्तकांमुळे गं..."

"मी सोळा वर्षं मार खाल्ला," ताई म्हणाली, "आणि एकदाही हात उचलला नाही. मी कुठलं पुस्तक वाचलं होतं?"

भाऊजींच्या उघड्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. ताईने पाण्याचा ग्लास त्यांच्या हाताशी सरकवला, पांघरूण नीट केलं आणि उठली. "रविवारी येऊ नका," म्हणाली.

मी तिच्यामागून निघाले. जिन्यात तिचा हात धरावासा वाटला, पण धीर झाला नाही. भाऊजींची वकिली मीही केली होती.