दादाच्या साउंड कार्डातून आलेली हाक

पतपेढीत हिशेब बघण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. शिल्लक जुळली नाही की मी चूक शोधतो, भूत नाही... त्यामुळे हे लिहायला मला बराच धीर करावा लागला.

माझा थोरला भाऊ शहापूरला कॉम्प्युटर क्लास चालवायचा. चार वर्षांपूर्वी तो गेला. वहिनी मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याला आमच्या गावच्या घरी असतात. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी मला बोलावलं. दादाचा पहिला, फ्लॉपीवाला कॉम्प्युटर माळ्यावर होता. त्यात दादाने कधीतरी माइकवर स्वतःचा आवाज भरला होता. त्याच्या आवाजाचं दुसरं काहीच घरात नव्हतं.

दुपारी ओटीवर सगळं मांडलं. हार्डडिस्क फिरेचना. मी स्पष्ट सांगितलं, "वहिनी, आवाज डिस्कवर होता. डिस्क मेली, म्हणजे तो गेला."

त्या म्हणाल्या, "मंग ती पेटी नुसती वाजवून तरी दाखवा. एवढा पसारा मांडलाय तुमी."

मी साउंड कार्ड काढून पुसलं. त्यावरची छोटी पिन प्रिंटरच्याच नंबरावर बसवलेली होती, दोघांची टक्कर नको म्हणून ती सातवरून पाचवर सरकवली. कार्ड परत खोचलं, स्पीकर जोडला आणि कॉम्प्युटर फ्लॉपीवरून चालू केला. दादानेच शिकवलेल्या 'बेसिक' या कॉम्प्युटरच्या भाषेत अकरा ओळींचा प्रोग्राम लिहिला — कार्डाच्या सूर काढणाऱ्या चिपला थेट आकडे पाठवायचे, बस. ती चिप फक्त सूर काढते. माणसाचा आवाज तिच्यातून निघूच शकत नाही.

"भावजी, भजनाची पेटी आणली असती तर एवढ्यात दोन अभंग झाले असते," वहिनी हसल्या.

मी प्रोग्राम चालवला.

"मंदे गोऽऽ!"

दादाचा आवाज. शेताच्या बांधावरून घराकडे वहिनींना मारायचा तशी हाक, शेवटी जरा वर चढवलेली. माझे हात कीबोर्डवरच राहिले.

आमच्याकडे एका हाकेला कुणी ओ देत नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारील; एकदाच मारणारं दुसरंच काही असतं, असं मानतात. मी हे मानत नाही. तरी त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "वहिनी, थांबा!"

त्या थांबल्या नाहीत. "ओऽऽ," म्हणाल्या. अगदी रोजच्यासारखं, चुलीपुढून द्यावी तसं.

"अहो, एकाच हाकेला..."

"ते जिते होते तवाबी एकदाच हाक मारायचे, भावजी. दुसरी मारायला लागली की चिडायचे." त्यांनी पदराने डोळे टिपले. "जायच्या आधी दवाखान्यात मला हाक मारली होती म्हने. मी खाली औषधं आणाया गेले होते. ओ द्यायला मी नव्हते."

हे मला माहीत नव्हतं.

मी प्रोग्राम पुन्हा चालवला. टूंऽऽ. सरळ, कोरडा सूर. पुन्हा चालवला, तेच. आकडे एकेक करून तपासले, एकही बदललेला नव्हता. मोबाइल आत चार्जिंगला होता, रेडिओ घरात नाही. फ्लॉपीवर माझ्या त्या अकरा ओळींखेरीज आवाजाचं काही नव्हतं. नंतर जाणकारांना विचारलं, कुणी म्हणतं तारेने बाहेरचं काही पकडलं असेल. पण बाहेरचं कोण वहिनींना "मंदे" म्हणणार?

मी चौथ्यांदा बटणाकडे हात नेला तेव्हा वहिनींनी तो धरला.

"ऱ्हाऊ द्या आता. त्यांना ओ मिळाली."

हे कसं घडलं ते मला आजही सांगता येत नाही.