येण्याआधी काही घेऊ नये

करडी गावात अशी बाई दुसरी झाली नाही. रोवण्याच्या दिवसांत गावच्या बाया धानाच्या चिखलात उतरायच्या आणि त्यांची तान्ही पोरं तलावाच्या पाळीवर, मोहाच्या सावलीत, चंद्रभागाबाईच्या हवाली असायची. एक कडेवर, एक मांडीत, दोन झोळीत. कोणतं रडणं भुकेचं आणि कोणतं नुसत्या नखऱ्याचं, हे तिला ऐकूनच कळायचं. आज गावात मिशा पिळत फिरणारे कितीतरी बाप्ये तिचं लुगडं ओलं करून मोठे झालेले आहेत, आणि ती हे त्यांना चारचौघांत सांगतेही.

गरोदर पोरींना मात्र तिचा एकच दम असे. पोर घरात येण्याआधी त्याच्यासाठी काही घ्यायचं नाही. झबलं नाही, पाळणा नाही, आणि नाव तर तोंडातून काढायचंच नाही. एखादी हौसेनं टोपडं विणायला बसली की चंद्रभागाबाई तिच्या हातातल्या सुया काढून न्यायची. "पावना दारात तर येऊ दे," म्हणायची, "मंग पाट मांड."

तीन वर्षांपूर्वी तिची स्वतःची सून, टीना, गरोदर राहिली. एकुलत्या एका योगेंद्रच्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती. नागपूरहून फोन आला आणि या बाईची मतीच फिरली. जगाला शहाणपण शिकवणारीनं दाराला कडी घातली, आपल्या जुन्या लुगड्याचे तुकडे जोडले आणि हातभर लांबीची गोधडी शिवली. सातव्या महिन्यात मुलगी पोटातच गेली. डॉक्टरांनी काहीबाही कारण सांगितलं. चंद्रभागाबाईला खरं कारण ठाऊक होतं आणि ते तिनं पेटीत, लुगड्यांच्या तळाशी दडवून ठेवलं होतं.

तेव्हापासून मुलगा-सून यायचे ते पाहुण्यासारखे. सकाळी येऊन संध्याकाळी परत. यंदा मात्र दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी दोन दिवस राहिले. दुपारी टीना मागे भांडी घासत होती, तेव्हा योगेंद्रनं ओसरीवर आईपुढे मोबाइल धरला. पडद्यावर एक गोलमटोल, केसाळ प्राणी होता, तळहातावर मावेल एवढा. पट्ट्यानं गळ्यात अडकवायचा, मग तो छातीशी बसून डोळे मिचकावतो, कुरवाळलं की हुंकार देतो आणि आपल्या माणसाचा आवाज ओळखतो.

"रोबो हाय, माय. टीना रोज याचाच व्हिडिओ पाहून राहिली," तो हळूच म्हणाला. "घेऊन टाकू म्हटलं, तर म्हणते आईले विचारा."

"मले कायले? दुकानातून आण ना."

"दुकानात नाई भेटत. अजून तयारच नाई झाला. आधी लोकांनी पैसे भरायचे. पुरेसे लोक जमले तर ते बनवतीन, नाई तर पैसे वापस. बनला तर पुढच्या रोवण्याच्या टायमाले येईल. आज भरायचा शेवटचा दिवस हाय."

चंद्रभागाबाईनं मोबाइल त्याच्याकडे सरकवला. "म्हंजे अजून जन्मलाच नाई. नोको भरू."

"माय, मशीन हाय ते."

"नोको म्हटलं ना."

योगेंद्र पाय आपटत बाहेर निघून गेला. चंद्रभागाबाईनं मागे पाहिलं तर दारात टीना उभी होती, ओल्या हातांनी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बरोबर आहे आई तुमचं," टीना म्हणाली. "म्हणूनच विचारा म्हटलं. मी एकदा चुकली आहे. तुमी बजावलं होतं, तरी पाचव्या महिन्यात बर्डीच्या बाजारातून टोपडं आणलं होतं मी. पिवळं. यांनाही माहीत नाही."

चंद्रभागाबाईनं गावाची एवढी पोरं सांभाळली, रडण्यावरून दुखणं ओळखलं, आणि घरातली ही एक तीन वर्षं रडत होती ते आपल्या कानी कसं पडलं नाही? असल्या गोष्टींत काही नसतं, असं एक वाक्य म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता, आणि खोटं तिला कधी जमलं नाही. ती उठली, पेटी उघडली आणि गोधडी आणून सुनेच्या ओल्या हातांत ठेवली.

"तुया टोपड्यानं काई नाई झालं, बाई. मी चवथ्याच महिन्यात शिवली होती. तुया आधी. दोष माया हाय, तू कायले आपल्यावर घेते?"

टीना गोधडी घेऊन तिथंच खाली बसली आणि मोठ्यानं रडली. सासूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. रडं ओसरल्यावर सासूनंच विचारलं, "नाव काय ठेवणार होती?"

आजवर कोणी हे विचारलं नव्हतं.

"तृप्ती."

चहाच्या वेळी योगेंद्र परतला तेव्हा आईनंच विषय काढला. "भर पैसे. आला तर आला. पोरीची छाती रिकामी हाय रे." त्यानं दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि मोबाइल काढला. पैसे भरले. मग म्हणाला, "याच्या पट्ट्यावर नाव लिहून देतेत. काय टाकू?"

टीनाचे ओठ उघडले. चंद्रभागाबाईनं पडद्यावर हात ठेवला.

"ते नोको देऊ याले," ती म्हणाली. "ते तिचं हाय."

योगेंद्रला काही कळलं नाही. त्यानं नावाची जागा रिकामी सोडली.