चौदावी लिंक

मिस्त्री सकाळी कारखान्यात आले की कुणाशी बोलत नसत. सरळ लोखंडात भोकं पाडणाऱ्या बोरिंग मशीनपाशी जात, वरच्या डब्यातल्या लाल आकड्यांवर नखानं दोनदा टिचकी मारत आणि विचारत, "काय गा बाप्पा, आज किती खोटं बोलशीन?" मग चहा.

हिंगणा रस्त्यावरच्या त्या कारखान्यात मी तपासणीत होतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामावर सही करायचा पगार घेत होतो. असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल.

आमच्याकडे कोळशाच्या खाणींसाठी लिंका बनत. लिंक म्हणजे दोन टोकांना दोन भोकं असलेली जाड लोखंडी पट्टी. अशा दोन लिंकांच्या जोडीवर मजुरांना खाली नेणारा पिंजरा लटकतो. जोडीतली एक जरी आखूड झाली तर सगळं वजन तिच्या एकटीवर येतं. माप तपासायला मिस्त्रींनी स्वतः एक गेज केलं होतं, लोखंडी फळीवर दोन खुंट्या. खुंट्या दोन्ही भोकांत सुळकन उतरल्या तर लिंक बरोबर, नाहीतर भंगार.

मग तो आकड्यांचा डबा आला. मशीनला लांब काचेची पट्टी बसवलेली, तिच्यावर बारीक रेघा. लिंक धरणारं टेबल सरकलं की एक विजेचा डोळा त्या रेघा मोजी आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग वर झळके. ऐंशीच्या दशकात हे नागपुरात नवलच होतं, आणि नवलाचं उद्घाटन करावं लागतं. मॅनेजर साहेबांनी खंडेनवमीचा मुहूर्त धरला. मिस्त्रींनी मशीनवर बारदाना पांघरला होता. फोटोत बरं दिसत नाही म्हणून साहेबांनी तो काढायला लावला. हार घातला, कुंकू वाहिलं, नारळ मशीनवरच फोडला. भाषणात ते म्हणाले की माणसाच्या हातावर विसंबण्याचा काळ संपला. दुसऱ्याच दिवशी गेज भंगारात टाकायचा हुकूम निघाला. तपासणीही डब्यावरच करायची ठरली. मला ते सोयीचंच वाटलं. मिस्त्रींनी हुकूम वाचला आणि गेज आपल्या जेवणाच्या पिशवीत घातलं.

दिवाळीनंतर एका दुपारी त्यांनी तयार लिंकेवर सहज गेज ठेवलं. एक खुंटी उतरली, दुसरी अडली. डबा मात्र माप तंतोतंत दाखवत होता. त्यांनी मला बोलावलं. "हात नका लावू बाबू. निस्तं पाहा."

टेबलाला काटेवालं घड्याळी माप लावून मिस्त्री टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेत आणि परत आणत. टोकांना सगळं ठीक. मधल्या वीतभर जागेत आकडा घसरे, कधी चार शतांश, कधी जवळजवळ अर्धा मिलिमीटर, आणि दोनदा सारखा कधीच नाही. तारा तपासल्या, स्क्रू आवळले, अर्थिंग बदललं. शेवटी त्यांनी काचपट्टीवरचं झाकण उघडलं. फटीतून झिरपलेला लालसर, चिकट डाग मधोमध वाळला होता. नारळाचं पाणी आणि कुंकू. तिथल्या रेघा त्या डोळ्याला दिसतच नव्हत्या.

"देव पावला," मिस्त्री हळूच म्हणाले. ते हसत नव्हते.

खंडेनवमीपासून चौदा लिंका बाहेर गेल्या होत्या. चौदाही लिंकांवर माझी सही होती.

साहेबांनी स्पिरिटनं काच पुसून घेतली, आकडा जुळल्याचं पाहिलं आणि विषय संपवला. खाणींना कळवलं तर कारखान्याची अब्रू जाईल, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"काच पुसली साहेब," मिस्त्री म्हणाले. "खाली लटकून राहिल्या त्या लिंका कोन पुसन?"

साहेबांनी पुढची फाइल ओढली. मी सहीचं पेन खिशात ठेवलं.

पुढे दर सुट्टीच्या दिवशी मिस्त्री पिशवी घेऊन खाणींकडे जाणारी एसटी धरत. स्टोअरवाले हसत, चहा पाजत, कधी हाकलत. तरी तेरा लिंका त्यांनी गाठल्या. नऊ गेजवर उतरल्या नाहीत, त्या काढायला लावल्या. चौदावी एका खाणीनं दुसऱ्या खाणीला उसनी दिली होती. कोणत्या, हे स्टोअरवाल्याला आठवेना.

ही बातमी साहेबांपर्यंत पोचली आणि मिस्त्री मशीनवरून गोदामात आले. दोन वर्षांनी निवृत्त झाले. निरोपाला साहेब अचूकतेवर बोलले आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. मिस्त्रींनी ते कानाशी धरलं, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि शेजारी बसलेल्या मला सांगितलं, "पाच मिन्टं मागं हाय."

पुढे ते कुहीकडच्या गावी धानाची शेती करत. मी एकदा गेलो. मला प्यायला पाणी द्यायच्या आधीच त्यांनी विचारलं, "सापडली काय बाबू?"

मी म्हटलं, आता इतकी वर्षं झाली, गंजून भंगारात गेली असेल.

"काहून जाईन? चांगलं लोखंड होतं," ते म्हणाले. मग धानाच्या बांधीतल्या पाण्याकडे पाहत म्हणाले, "थे कोठी तरी लटकून हाय. मानसं खाली उतरून राहिले, वर येऊन राहिले. रोज."

मिस्त्री वारल्यावर महिनाभरानं त्यांच्या पत्नी प्रतापनगरला माझ्या घरी आल्या. हातात तीच पिशवी. "यायनं सांगतलं होतं, बाबूले द्याचं म्हून," एवढंच म्हणाल्या. गेजच्या खुंट्या तेल लावून चकचकीत ठेवलेल्या होत्या.

आतापर्यंत तीन खाणी झाल्या. सगळीकडे विचारतात, तुम्ही कोण? मी सांगतो, सही माझी आहे.

आज चौथी. पिंजऱ्यावर आमच्या कारखान्याचा छाप असलेली एक जुनी लिंक आहे, असं इथला फिटर म्हणाला. पण पिंजरा नुकताच पाळीचे मजूर घेऊन खाली गेला होता. वर येईपर्यंत थांबा, म्हणाला. मी बाकावर बसलो, पिशवी मांडीवर घेऊन. समोर पिंजऱ्याचा दोर ताणलेला होता आणि बारीक थरथरत होता.