कुर्डुवाडीवरून जाणारं विमान

आमच्या शेजारच्या अण्णांना न सांगता निघालेला माणूसच काय तो सुखाने मुक्कामी पोचतो, असं माझं ठाम मत आहे. सांगून निघालात की संपलंच. मोहोळला जायचं म्हटलं तरी म्हणणार, "बसमधी मधल्या बाकावर बसा. म्होरं टक्कर लागती, मागं दणकं." काकू माहेरी मैंदर्गीला निघाल्या, की हे स्टँडवरच थांबून तिकडून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारत, "आमची गाडी नीट चाललीय न्हवं?" पोचल्याचा निरोप येईपर्यंत अन्नाला शिवत नसत.

अशा माणसाची एकुलती मुलगी नवऱ्याची बदली झाली म्हणून पुण्याहून हैदराबादला चक्क विमानाने निघाली. सत्तर-बहात्तरचा सुमार असेल. आमच्या आळीत विमान आतून पाहिलेलं कुणी नव्हतं. अण्णांची झोप उडाली. माझ्या भिंतीवरचा नकाशा उतरवून ते दोऱ्याने अंतर मोजायला बसले. दोरा रेल्वेच्या रुळांवरून वळत वळत चाललेला पाहून मी म्हटलं, "अण्णा, विमान सरळ जातं." त्यांना माझी कीव आली. "सरळ जाऊन वाट चुकंल की! ड्रायव्हरला खाली रूळ दिसायला पायजेत." वर कुर्डुवाडीची दहा मिनिटंही धरली, कारण कुर्डुवाडीला न थांबता कुणी सोलापूरला आलेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या हिशेबाने विमान डोक्यावर येईल तेव्हा गच्चीवर हिरवी चादर पसरायची, म्हणजे पोरीला घर ओळखू येईल, असं ठरलं.

विमान आलं तेव्हा अण्णा अंगाला साबण लावून न्हाणीत बसले होते. घरघर ऐकून काकू तव्यावरची भाकरी टाकून गच्चीवर धावल्या आणि पिठाच्या हातांनी तांबड्या लुगड्याचा पदर हलवत राहिल्या. ज्वारीच्या दाण्याएवढं विमान बघता बघता दिसेनासं झालं. मग ओल्या पंचानिशी चादर घेऊन अण्णा वर आले.

"अवो, गेलं की ते," काकू म्हणाल्या.

"जाईल कसं? अजून कुर्डुवाडीला आलं नसंल!"

भर उन्हात ते चादरीपाशी उभे राहिले. दुपार कलली तरी विमान नाही. "कायतरी इपरीत झालंय," एवढंच पुटपुटत होते. मी हसू दाबत त्यांच्या डोक्यावर छत्री धरली.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ट्रंककॉल आला. पोरगी एवढ्या मोठ्याने ओरडत होती, की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "अण्णा, पोचले!"

अण्णांनी डोळे पुसले आणि पहिलं विचारलं, "चादर दिसली का गं?"

"चादर न्हाय दिसली. पण सोलापूर आलं म्हणाले, तवा एका गच्चीवर तांबडं कायतरी हलत होतं बघा!"

एवढ्या उंचीवरून लुगडं दिसतं का, देव जाणे. अण्णा बराच वेळ काकूंच्या पदराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चल, वाढ. तू बी उपाशीच हायस की."

आता काकू नाहीत. मुलगी विमानाने येणार-जाणार असली, की अण्णा पहाटेच आंघोळ उरकतात आणि गच्चीवर ते तांबडं लुगडं वाळत घालतात. ते धुतलेलं नसतं, कोरडंच असतं.